ड्रिल शिळं झालं, आता ३५ हजारांचं काय करू?

पत्र: "मी २१ वर्षांचा आहे, नागपुरात सक्करदऱ्याजवळ राहतो. मी आणि माझा चुलतभाऊ मिळून रॅप करतो. मागच्या वर्षी ड्रिल या रॅपच्या प्रकारातल्या बीटवर, म्हणजे तयार संगीतावर, एक गाणं केलं. नोव्हेंबरमध्ये लिहिलं, जूनमध्ये टाकलं. तोवर सगळे ड्रिलला कंटाळले होते, कोणी ढुंकून पाहिलं नाही. आता जर्सी क्लब या नाचाच्या संगीतप्रकारात करायचं म्हणतो. ३५ हजार रुपये जमवले आहेत. त्यात एक महागडी बीट, ६ हजारांच्या ग्रिल्झ (दातांवरच्या चकचकीत टोप्या), ९ हजारांची जाड चेन, बॅगी कपडे आणि भाड्याची गाडी घेऊन व्हिडिओ, असा हिशेब मांडलाय. आई म्हणते दातांना हात लावायचा नाही. भाऊ म्हणतो मानेवर टॅटू काढू. मित्र म्हणतात मुंबईच्या हिंदीत कर, वऱ्हाडी कोण ऐकतं? कोणता ट्रेंड टिकेल ते सांगा, म्हणजे सगळे पैसे त्यातच घालतो." – र., नागपूर

उत्तर:

कोणता ट्रेंड टिकेल हे सांगणारा माणूस भेटला तर त्याच्यापासून चार हात लांबच राहा, बहुतेक तो काहीतरी विकत असेल. तुमच्या पत्रातली खरी अडचण नोव्हेंबर ते जून या सात महिन्यांत आहे. ड्रिल निवडलं हे चुकलं नाही. ज्या गाण्याचं निम्मं बळ नवलाईत होतं ते सात महिने लॅपटॉपमध्ये पडून राहिलं, तिथे घात झाला.

ड्रिलचा प्रवास बघा. २०१० च्या सुमारास ते शिकागोच्या दक्षिण भागात सुरू झालं आणि २०१२ मध्ये चीफ कीफ या रॅपरमुळे अमेरिकाभर पोचलं. लंडनच्या पोरांनी ते उचललं, वेग मिनिटाला १४० ठोक्यांच्या आसपास नेला, बेस सरकवायला सुरुवात केली. २०१९ मध्ये ब्रुकलिनच्या पॉप स्मोक या रॅपरने लंडनच्याच ८०८मेलो या बीट बनवणाऱ्याच्या बीट्स घेऊन तो आवाज न्यूयॉर्कमध्ये गाजवला. मग दिल्ली-मुंबई, आणि मग आपण. जर्सी क्लबचंही तेच. न्यू जर्सीतल्या नेवार्कमध्ये ते वीस वर्षांहून जुनं आहे, बाल्टिमोरच्या क्लब संगीतातून निघालेलं. बाहेरच्या जगाला ते दणक्यात कळलं २०२२ च्या शेवटी, लिल उझी व्हर्ट या रॅपरच्या एका गाण्यामुळे. त्यात आपल्याकडे टिकटॉक जून २०२० पासून बंद, म्हणून तिकडे उगवलेली बरीचशी चाल, नाच, पोशाख आपल्याला रील्समध्ये दुसऱ्या हाताने मिळतो. म्हणजे जर्सी क्लबच्या नवलाईलाही तुम्ही उशिराच पोचताय. तरी ते करू नका असं आमचं म्हणणं नाही. फक्त त्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते आधी ठरवा.

त्यासाठी एक कसोटी आहे. प्रत्येक ट्रेंडमध्ये दोन गोष्टी असतात: हत्यार आणि खूण. हत्यार कोणालाही, कुठल्याही भाषेत, हव्या त्या कामाला वापरता येतं. खूण एका माणसाची किंवा एका गल्लीची असते. दुसऱ्याने लावली की ती नक्कल दिसते आणि मूळ माणसाचे दिवस सरले की खुणेचेही सरतात. १९९२ मध्ये क्रिस क्रॉस या दोन पोरांनी पँट-शर्ट उलटे, पाठ पुढे करून घातले. लाखो पोरांनी तसेच घातले आणि थोड्याच काळात कपडे पुन्हा सुलट झाले. एमसी हॅमरच्या ढगळ पँटी, फ्लेवर फ्लेवच्या गळ्यातलं घड्याळ, कान्ये वेस्टचे २००७ चे पट्ट्यांचे चष्मे, या सगळ्या खुणा. उलट रोलंडचं टीआर-८०८ हे ड्रम यंत्र १९८० ते १९८३ एवढंच बनलं, बाजारात आपटलं, आणि आज त्याच्या बेसशिवाय रॅपचं पान हलत नाही. गाणाऱ्याचा सूर दुरुस्त करणारं ऑटो-ट्यून १९९७ मध्ये आलं. २००९ मध्ये जे-झीने त्याच्या मरणाची घोषणा करणारं गाणंसुद्धा काढलं. ते काही मेलं नाही, कारण ते हत्यार होतं.

आता हीच कसोटी तुमच्या यादीला लावा. ड्रिलमधला सरकणारा ८०८, म्हणजे त्या यंत्राचा बेस, हे हत्यार, तोंडावरचा मुखवटा ही खूण. जर्सी क्लबमधली किकची (ड्रमच्या जाड ठोक्याची) बांधणी हे हत्यार, पलंग कुरकुरल्याचा तो आवाज ही खूण. ग्रिल्झ, चेन, मानेवरचा टॅटू या तिन्ही खुणा, आणि तुमच्या ३५ हजारांतला मोठा वाटा नेमका त्यांच्यावर निघालाय.

हत्याराकडे नीट बघू. बीट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एका बारची, म्हणजे चार ठोक्यांच्या आवर्तनाची, १६ घरं असतात. जर्सी क्लबमध्ये किक पडते १, ५, ९, १२ आणि १५ या घरांवर. पहिल्या तीन किक सरळ चालतात, शेवटच्या दोन अडखळल्यासारख्या पुढे पळतात, आणि पाय आपोआप उडतात ते या अडखळण्यामुळे. ९, १२, १५ म्हणजे आठ घरांची ३-३-२ अशी फोड. आता तुमच्या ड्रिल बीटमधला हाय-हॅट (झांजेचा बारीक ठोका) उघडून बघा. तिथेही बहुतेक १, ४, ७ आणि ९, १२, १५ असंच निघेल. तीच फोड! संदलच्या किंवा ताशाच्या पोरांना ती हातावर वाजवून दाखवा, दुसऱ्या मिनिटाला ते तुमच्या पुढे जातील. फोड एकदा अंगात बसली की पुढच्या वर्षी जो काही नवा प्रकार येईल त्यातलं निम्मं तुम्हाला आधीच येत असेल.

यातूनच एक बिनखर्चाचं काम निघतं. ड्रिल आणि जर्सी क्लब या दोघांचा वेग जवळजवळ सारखा, १४० च्या आगेमागे. तेव्हा पडलेलं गाणं फेकू नका. त्याच्यातला फक्त आवाज काढा आणि जर्सीच्या किकवर ठेवून बघा. मूळ गाणं १४२ वर असेल तर नवी बीटही १४२ वरच करा. आवाज ताणायचाच झाला तर तीन-चार टक्क्यांपर्यंत. त्यापुढे 'स' आणि 'श' पाण्यातून आल्यासारखे होतात. दोन ठिकाणी गडबड होईल. एक, आवाजावर घुमारा आधीच चढवून फाइल काढली असेल तर तो निघत नाही, म्हणून इफेक्ट न लावलेला मूळ टेक शोधा. दोन, ड्रिलमध्ये ओळीनंतर बेस सरकायला जागा सोडलेली असते. जर्सीत बेस तसा सरकत नाही, ती जागा उघडी पडते. तिथे तुमचाच एखादा शब्द कापून दोन-दोन घरांचे तुकडे करून भरा. जर्सी क्लबची रीतही तीच आहे, हुकचा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीचा, एक शब्द चिरून चिरून वाजवायचा. सबंध १६ ओळींचे कडवे त्यात दमवतात. आठ ओळी, हुक, आठ ओळी, बास.

पलंगाची कुरकुर वापरू नका. ती मुळात २००४ च्या एका गाण्यातून उचललेली आहे आणि इतकी वापरून झालीये की ऐकणारा हसतो. तालात बसणारा कुठलाही छोटा, चिरका आवाज तिथे चालतो. झोपाळ्याची कडी, सायकल रिक्षाची घंटी, शटर ओढल्याचा खर्रर्र. फोनवर रेकॉर्ड करा, सुरुवातीची शांतता कापा, १५० हर्ट्झच्या खालचं सगळं उडवा आणि ऑफ-बीटवर ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी नव्या पोरांच्या दर दुसऱ्या गाण्यात चुकलेली असते. ८०८ चा मूळ सूर ४० ते ६० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो आणि फोनचा स्पीकर साधारण २०० च्या खालचं फारसं काढत नाही. हेडफोनवर घर हादरतं, फोनवर बेस गायब. ऐकणारे तर फोनवरच ऐकणार. उपाय असा: बेसच्या ट्रॅकची प्रत करा, तिच्यावर डिस्टॉर्शन चढवा, मग तिच्यातला २०० च्या खालचा भाग कापा आणि मूळ बेसखाली हळू आवाजात मिसळा. फोनवर मग बेसचा सूर निदान कळतो. ८०८ गाण्याच्या सुरात लावायला विसरू नका. बेसुरा ८०८ कोणाला बोट ठेवून दाखवता येत नाही, पण गाणं "काहीतरी बरं नाही वाटत" म्हणून बंद केलं जातं.

महागडी बीट घेऊ नका. आज नवीन वाटणारी बीट पूर्ण हक्काने घेणं म्हणजे सगळ्यात लवकर नासणाऱ्या मालावर सगळ्यात जास्त पैसे लावणं. लीजवर, म्हणजे ठरावीक वापरापुरती भाड्याने, घ्या, पण एमपी३ ची स्वस्त लीज नको. निदान डब्ल्यूएव्ही (न दाबलेली फाइल), आणि जमलं तर सुटे ट्रॅक मिळतील ती. सुटे ट्रॅक असले की वर सांगितलेली बेसची दुरुस्ती करता येते. अटी वाचा: किती स्ट्रीमपर्यंत चालेल, किती वर्षं, व्हिडिओला परवानगी आहे का. 'फ्री' लिहिलेल्या बीट बहुतेक वेळा फक्त कमाई न करणाऱ्या वापरासाठी असतात. लीजची बीट असेल तर वितरकाच्या (गाणं अ‍ॅप्सवर चढवणाऱ्या कंपनीच्या) फॉर्मवर यूट्यूब कंटेंट आयडीचा, म्हणजे सारखा आवाज आपोआप ओळखून दावा लावण्याचा, पर्याय बंद ठेवा. तीच बीट आणखी पन्नास जणांनी घेतलेली असते. एकाने कंटेंट आयडी लावलं की उरलेल्यांच्या गाण्यांवर दावे येतात, आणि तुम्ही लावलं तर उत्पादकच तुमच्यावर चिडतो. लायसन्सची पीडीएफ आणि पैसे भरल्याची पावती ईमेलमध्ये जपून ठेवा.

पैसे घालायचेच तर ते आवाज पकडण्यात घाला. लॅपटॉप तुमच्याकडे आहेच असं धरतो. एक साधा डायनॅमिक माइक, माइक लॅपटॉपला जोडणारा दोन चॅनेलचा इंटरफेस, स्टँड, केबल आणि पॉप फिल्टर हे १२ ते १५ हजारांत बसतं, जुनं घेतलं तर कमीत. कंडेन्सर माइकच्या मोहात पडू नका. पत्र्याच्या किंवा उघड्या भिंतींच्या खोलीत तो शेजारच्यांचा टीव्ही, रस्त्यावरचा ऑटो, सगळं गोळा करतो. डायनॅमिक माइकला तोंडाजवळचंच जास्त ऐकू येतं. तोंड माइकपासून आठ-दहा सेंटीमीटर, किंचित तिरकं. पाठीमागे दोरीवर गादी किंवा दोन जाड रजया टांगा, समोर नव्हे, कारण माइक तुमच्या पाठीकडचा आवाज पकडतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, आणि सगळ्यात जोरात ओरडलात तरी काटा उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ नये.

आणि कूलर. नागपुरात एप्रिल ते जून जे काही रेकॉर्ड होतं त्याच्या मागे कूलर ऐकू येतो. नॉइज रिडक्शनने तो काढायला गेलात तर आवाजाचा जीवही निघतो. रात्री दहानंतर अर्धा तास कूलर चालवून खोली गार करा, मग पंख्यासकट सगळं बंद करून वीस मिनिटांचे टेक घ्या, पुन्हा कूलर. पंप बंद केल्यावरही टपटप चालू असते, ती थांबू द्या. कडव्याचे तीन पूर्ण टेक घ्या. त्यातला एक फक्त शेवटच्या शब्दांवर जोर देऊन, तो खाली दुहेरीसाठी लागतो.

आता कपडे. बॅगीला आमचा विरोध नाही, उलट नागपूरच्या उन्हात स्किनी जीन्सपेक्षा कितीतरी सोयीचं. पण ढगळ आणि सडपातळ हा झोका हिप-हॉपमध्ये नेहमीचाच आहे. नव्वदीत ढगळ, २००४ च्या आसपास गुडघ्यापर्यंतचे पांढरे टी-शर्ट, २००९ मध्ये लॉस एंजेलिसच्या जर्किन नाचवाल्यांबरोबर स्किनी, आता पुन्हा ढगळ. म्हणून कपाट रिकामं करू नका, स्किनी बांधून वर ठेवा. आणि नवीन घ्यायच्या आधी बाबांची जुनी, चुण्यांची पँट काढून बघा. तिची मांडी आणि मोहरी आजच्या मापाला बरीच जवळ जाते. पैसे फक्त टेलरला द्यावे लागतात.

टेलरकडे "ढगळ कर" असं सांगून चालत नाही, मापं सांगा. मोहरी गोल मापात: स्किनी १२ इंचांच्या आसपास, सरळ १६, बॅगी २० किंवा जास्त. उंची साडेपाच फुटांच्या आत असेल तर १८ वर थांबा, २२ ची मोहरी बूट गिळते आणि माणूस आखूड दिसतो. कमर मोठी असलेली जीन्स आवळून घ्यायची तर मागच्या मधल्या शिवणीतून दोन इंचांपर्यंतच. त्यापुढे मागचे खिसे एकमेकांना चिकटायला येतात आणि बैठकीला खेच बसते. तेव्हा बाजारात कमर बरोबर आणि मांडी सैल असा तुकडा शोधा, कमर चार इंच मोठी घेऊन पट्ट्याने आवळू नका. टी-शर्टचंही तसंच. दोन साइज मोठा साधा टी-शर्ट म्हणजे ओव्हरसाइज नव्हे. त्याचा गळा ओघळतो आणि लांबी वाढते. ओव्हरसाइजमध्ये खांद्याची शिवण दोन-तीन इंच खाली उतरलेली, गळ्याची पट्टी जाड आणि घट्ट, लांबी मात्र कमरेच्या खाली थोडीच.

जाडी बघून घ्या. २४० जीएसएमचा (चौरस मीटरला २४० ग्रॅम कापडाचा) टी-शर्ट व्हिडिओत घडी धरतो, छान पडतो. मे महिन्यात बर्डीच्या मेन रोडवर तो घालून फिरलात तर पंधरा मिनिटांत पाठीवर नकाशा उमटतो. रोजच्यासाठी १८० जीएसएम, शंभर टक्के सुती. हुडी घालायची तर डिसेंबरात. ४५ अंशांत हुडी घातलेला रॅपर स्क्रीनवर कडक दिसत नाही, घामाघूम दिसतो. मोठ्या ब्रँडचा फर्स्ट कॉपी माल घालून व्हिडिओ करू नका. ज्यांना हे कपडे कळतात तेच तुमचे ऐकणारे, आणि ते लोगोची शिवण झूम करून बघतात. त्यापेक्षा गांधीबागेतून साधे टी-शर्ट घ्या, स्वतःचं नाव छापा. दहा नग असतील तर डीटीएफ (आधी फिल्मवर छापून मग कापडावर दाबायची) छपाई परवडते. स्क्रीन प्रिंटला चौकटीचा खर्च असतो, तो पन्नासेक नगांशिवाय वसूल होत नाही. डीटीएफचा टी-शर्ट उलटा करून गार पाण्यात धुवा, छपाईवर थेट इस्त्री नको, नाहीतर तिला तडे जातात. चालू असलेल्या मीमची ओळ छापू नका. शिल्लक राहिलेले सात टी-शर्ट घरात पोतेरं होतात, हे आम्ही बऱ्याच ग्रुप्सच्या बाबतीत पाहिलंय.

चेनचा हिशेब अगदी सोपा. इतवारीच्या सराफ्यात जा, चांदीचा आजचा ग्रॅमचा भाव विचारा. जाड क्युबन चेन शंभर ग्रॅमच्या पुढे सहज जाते. गुणाकार करा, घडणावळ मिळवा, आणि ९ हजारांत काय मिळणार ते तुमचं तुम्हालाच कळेल. त्या किमतीला ऑनलाइन दिसणारी चेन बहुधा पितळेवर मुलाम्याची. घामाने कॉलरजवळ मुलामा आधी उडतो, मान हिरवट पडते, आणि खाली निकेल असेल तर पुरळ येतो. घामाच्या गावात हा मुलामा एक उन्हाळाही नीट काढत नाही. हौस असेल तर ३१६एल स्टीलची चेन घ्या. कमी पैशांत येते, गंजत नाही, सहसा खाजत नाही, आणि कॅमेऱ्याला चांदी आणि स्टील यांतला फरक कळत नाही. खडे हवेत तर हिऱ्यासारखा दिसणारा मोइसानाइट कडक असतो, कडकपणा सव्वानऊ, क्युबिक झिरकोनिया सव्वाआठच्या आसपास. उष्णता तपासणारं साधं हिरा-टेस्टर मोइसानाइटला हिराच म्हणतं, म्हणून "टेस्टर पास" या जाहिरातीला काही अर्थ नाही.

ग्रिल्झबाबत आम्ही तुमच्या आईच्या बाजूने आहोत, पण कारण नीट समजून घ्या. ६ हजारांत ऑनलाइन येतात त्या एकाच मापाच्या टोप्या. गरम पाण्यात मऊ केलेली सिलिकॉनची पट्टी आत दाबून बसवायची असते. ती कधीच नीट बसत नाही. कड हिरडीवर घासते, टोपी आणि दात यांच्यामध्ये अन्नाचे कण आणि लाळ साचून राहते, तिथे कीड आणि हिरडीची सूज दोन्ही सुरू होतात. सैल झाली म्हणून फेव्हिक्विक लावणारे महाभाग आहेत. ते दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीतच संपतं. बसावी म्हणून दात तासून घेऊ नका, इनॅमल परत येत नाही. ज्यांना करायच्याच असतात ते दाताच्या डॉक्टरकडून माप घेतात, प्लास्टरच्या साच्यावर सोनार धातू बसवतो, कड हिरडीला लागू दिली जात नाही. तो खर्च तुमच्या हिशेबाबाहेरचा आहे. आणि गायकाने लक्षात घ्यावी अशी गोष्ट वेगळीच: वरच्या दातांच्या ग्रिल्झ लावून 'स', 'श', 'त', 'द' फिसकटतात. लावायच्या तर फक्त खालच्या दोन सुळ्यांवर, शूटिंगपुरत्या तासभर. खाताना, झोपताना काढून. आणि रेकॉर्डिंगला कधीच नाही. त्याआधी मेडिकल चौकातल्या सरकारी दंत महाविद्यालयात दात दाखवून या. कीड किंवा हिरडीतून रक्त असेल तर हा विषयच बंद.

मानेवरचा टॅटू: भाऊ पोलीस किंवा लष्कर भरतीचा विचार करत असेल तर आज नको. लष्कराच्या नियमात कायमचा टॅटू सर्वसाधारण उमेदवाराला कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या पाठीवरच चालतो. लेझरने काढायला अनेक बैठका लागतात आणि डाग राहू शकतो.

भाड्याची गाडी काढून टाका. व्हिडिओला एक फोन, एक स्टँड आणि सकाळी सहा ते साडेसातचं ऊन पुरतं. दुपारी टोपीची सावली डोळ्यांवर पडते. कॅमेरा कमरेच्या उंचीला ठेवा, ढगळ कपडे खालून पाहिले की भारी दिसतात. ट्यूबलाइटखाली शूट असेल तर २५ फ्रेम आणि शटर १/५०, नाहीतर चित्र लुकलुकतं. स्लो मोशनमध्ये ओठ जुळायला हवे असतील तर ५० फ्रेमवर शूट करा, गाणं दुप्पट वेगाने वाजवा, त्या वेगाने म्हणा, आणि नंतर चित्र २५ फ्रेमवर चालवा. जीभ वळते, पण जमतं.

राहिला भाषेचा प्रश्न. मुंबईची हिंदी आज शेकडो पोरं तुमच्यापेक्षा सहज बोलतात, कारण ती त्यांच्या गल्लीची आहे. पण वऱ्हाडीचाही आव आणू नका. तुम्ही सक्करदऱ्याचे, तुमची बोली नागपुरी. अकोल्याकडची लकब उसनी आणली की अकोल्याचा माणूस पहिल्या ओळीत ओळखतो. घरी जसं बोलता तसं लिहा. नागपुरीत तालाला सोयीची एक गोष्ट आहे. 'करतोय' हे दोन ठोक्यांत संपतं. 'करून राहिलो' लांब चालतं आणि १४० च्या वेगावर तिप्पटीत सुरेख घसरतं. पाहून राहिला, खाऊन राहिला, जाऊन राहिला, असं यमक फुकटात मिळतं. तोच सापळाही आहे. चार ओळी ओळीने 'राहिला'वर संपल्या की ऐकणारा पाचवीआधीच ओळखतो. यमक क्रियापदाआधीच्या नामावर ठेवा, 'राहिला' दोघांनी मिळून मागून म्हणा. 'काहून', 'पोट्टे', 'भैताड' हे शब्द मसाल्यासारखे भुरभुरू नका. जिथे घरी तोंडातून निघतात तिथेच.

आणि जगाच्या ट्रेंडची तारीख कोणालाच आधी कळत नाही, पण नागपूरची एक तारीख पंचांगात छापलेली असते: पोळ्याचा दुसरा दिवस, मारबत. काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, आणि त्यांच्यासोबत निघणारे बडगे, म्हणजे टोमणे मारणारे पुतळे. वर्षभरात जे छळतं त्याचा पुतळा करून गावाबाहेर न्यायचा आणि "घेऊन जा गे मारबत" म्हणायचं, ही शंभराहून जास्त वर्षांची रीत म्हणजे तयार हुक आहे. हाक आणि प्रतिसाद दोन्ही त्यात आहेत. अमावास्येवर अवलंबून असल्याने दिवस ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरच्या पूर्वार्धात येतो. उलटं मोजा. त्याच्या दहा दिवस आधी गाणं बाहेर. गाणं बाहेर येण्याच्या चार आठवडे आधी वितरकाकडे फाइल, कारण स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायला प्रकाशनाआधी निदान सात दिवस ते त्यांच्याकडे दिसावं लागतं आणि कव्हरचं चित्र हमखास एकदा परत येतं. त्याच्या आधी दोन आठवडे मिक्सिंग. म्हणजे रेकॉर्डिंग जूनअखेर किंवा जुलैत, पाऊस लागल्यावर, कूलर बंद झाल्यावर. हुक पहिल्या १५ सेकंदांत यायला हवं. ३० सेकंदांच्या आत गाणं बदललं तर ते स्ट्रीम म्हणून धरलं जात नाही, आणि वर्षात हजार स्ट्रीम झाले नाहीत तर स्पॉटिफाय त्या गाण्याचे पैसे देत नाही. बडग्यात खऱ्या माणसाचं नाव घेऊ नका, खड्डे, वीजबिल, भरतीचे पेपर यांवर भरपूर सापडेल. मारबतीच्या दिवशी मुख्य व्हिडिओ शूट करायला मात्र जाऊ नका. गर्दीत ओठ जुळत नाहीत आणि ढोलांमध्ये गाणं ऐकूच येत नाही. तो आधीच करून ठेवा, त्या दिवशी फोन छातीशी धरून दहा-पंधरा सेकंदांचे तुकडे तेवढे घ्या, आणि संध्याकाळपर्यंत रीलवर चढवा.